हँडहेल्डवर स्वतःचा खेळ चालवायचा, तर यंत्र कोणते घ्यावे?

हातात धरून खेळायच्या कन्सोलसाठी हौसेने, निर्मात्या कंपनीच्या परवान्याबाहेर राहून लिहिलेल्या खेळांना होमब्रू म्हणतात. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख कोणते यंत्र आणि कोणती जोडसामग्री विकत घ्यावी याकडे आहे, म्हणून या अंकातले सदर संपूर्णपणे त्याच प्रश्नाला दिले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. सी भाषा बऱ्यापैकी येते. निन्टेंडोचे गेम बॉय ॲडव्हान्स आणि डीएस, तसेच सोनीचे पीएसपी ही तिन्ही यंत्रे जुन्या बाजारात मिळू शकतात, पण पैसे एकाच यंत्रापुरते आहेत. स्वतःचा पहिला खेळ लिहिण्यासाठी मी कोणते घ्यावे? – एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : तिन्ही यंत्रांसाठी मोफत कंपायलर, लायब्ररी आणि भरपूर उदाहरणे उपलब्ध आहेत, त्यामुळे कोणतेही घेतले तरी तुमची अडचण होणार नाही. तरीही पहिल्या खेळासाठी माझे मत स्पष्टपणे गेम बॉय ॲडव्हान्सच्या बाजूने आहे, आणि ते त्या यंत्राच्या आटोपशीरपणामुळे आहे.

२००१ साली बाजारात आलेल्या या यंत्रात सुमारे १६.७८ मेगाहर्ट्झवर चालणारा एआरएम७टीडीएमआय प्रोसेसर आहे. पडदा २४० बाय १६० पिक्सेलचा आहे. ३२ किलोबाइट वेगवान अंतर्गत रॅम, २५६ किलोबाइट तुलनेने संथ बाह्य रॅम आणि ९६ किलोबाइट व्हिडिओ रॅम एवढ्यावर सगळा कारभार चालतो, आणि एका वेळी १२८ स्प्राइट, म्हणजे पडद्यावर सुटी हलणारी छोटी चित्रे, दाखवता येतात. ऑपरेटिंग सिस्टिम नाही. तुमचा प्रोग्राम सुरू झाला की अख्खे यंत्र त्याच्या ताब्यात असते. ठरावीक पत्त्यावर ठरावीक आकडा लिहिला की पार्श्वभूमी सरकते, स्प्राइट उमटतो, आवाज सुरू होतो. पाठ्यपुस्तकात मेमरी, रजिस्टर आणि इंटरप्ट यांविषयी जे कोरडेपणाने वाचावे लागते ते इथे डोळ्यांसमोर घडताना दिसते, आणि सी येणाऱ्या माणसाला काही आठवड्यांच्या अभ्यासात या यंत्राचा जवळजवळ संपूर्ण नकाशा डोक्यात बसवता येतो. नंतर काही बिघडले तर दोष आपल्या ओळींत आहे की यंत्राच्या स्वभावात आहे, हे तुमचे तुम्हाला शोधता येते. पहिला खेळ अर्धवट सुटण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे न उलगडणारे दोष, असे मला वाटते. म्हणून मी या गुणाला इतके महत्त्व देतो.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. या प्रोसेसरला अपूर्णांकांचे गणित करणारे स्वतंत्र युनिट नाही आणि भागाकाराची सूचनाही नाही, त्यामुळे स्प्राइटचा वेग किंवा गुरुत्वाकर्षण यांचे हिशेब पूर्णांकातलेच काही बिट अपूर्णांकासाठी राखून करावे लागतात. शिवाय कार्ट्रिज (खेळ साठवलेली, यंत्राच्या खाचेत बसवायची डबी) १६ बिटांच्या मार्गाने वाचले जाते. ३२ बिटांच्या सूचना तिथून दोन टप्प्यांत येतात, म्हणून बहुतेक प्रोग्राम १६ बिटांच्या थम्ब सूचनांमध्ये ठेवून केवळ वेगाची गरज असलेले भाग अंतर्गत रॅममध्ये हलवायचे असतात. हे शिकायला वेळ लागतो, पण तुमच्या शाखेच्या विद्यार्थ्याने तो आनंदाने द्यावा. सी वापरणार असाल तर डेव्हकिटएआरएम हा कंपायलर-संच, लिबटॉंक ही लायब्ररी आणि तिच्यासोबतची विस्तृत मार्गदर्शिका घ्या. सी++ चालत असेल तर बुटानो हे इंजिन तुमचे पुष्कळ कष्ट वाचवेल.

डीएसचा पर्याय केवळ एका परिस्थितीत आधी घ्यावा : तुमच्या खेळाची कल्पनाच दोन पडद्यांवर किंवा स्पर्शावर उभी असेल तर. २००४ च्या या यंत्रात ६७ आणि ३३ मेगाहर्ट्झचे दोन प्रोसेसर आणि ४ मेगाबाइट रॅम आहे, पण दोन प्रोसेसरांमधला समन्वय आणि व्हिडिओ रॅमच्या वेगवेगळ्या बँकांची वाटणी नवख्याला गोंधळात टाकते. पीएसपी हे याहून बरेच सामर्थ्यवान यंत्र आहे. ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत वेग, ४८० बाय २७२ पिक्सेलचा पडदा, अपूर्णांकांचे गणित, त्रिमिती चित्रण, फाइल सिस्टिम, एसडीएलसारखी परिचित लायब्ररी हे सारे असल्यामुळे त्यावर लिहिणे संगणकावर लिहिण्याच्या जवळ जाते. परंतु त्या पडद्यावर गेम बॉय ॲडव्हान्सच्या ३.४ पट पिक्सेल आहेत, आणि ते भरायची चित्रे तुम्हालाच काढायची आहेत. एकट्या माणसाच्या खेळात कोडपेक्षा चित्रांचे काम आधी आवाक्याबाहेर जाते, याचा विचार यंत्र घेतानाच करावा.

जुन्या बाजारात हिंडायचे नसेल, तर २०२२ मध्ये आलेले प्लेडेट हे यंत्रही विचारात घ्या. ४०० बाय २४० पिक्सेलचा निव्वळ काळा-पांढरा पडदा, बाजूला फिरवायची दांडी आणि लुआ किंवा सी मध्ये लिहिण्याची अधिकृत मोकळीक असलेल्या या यंत्रात आपला खेळ यूएसबी केबलने थेट चढवता येतो, वेगळे कार्ट्रिज लागत नाही.

प्रश्न : संगणकावरच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे मूळ यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, माझा खेळ सुरळीत चालतो. मग मूळ यंत्रावर पैसे खर्च करण्याची खरोखर गरज आहे का? – एक संगणक अभियंता, पुणे

उत्तर : खेळ फक्त स्वतःपुरता आणि संगणकावरच खेळायचा असेल, तर नाही. पण 'हा गेम बॉय ॲडव्हान्सचा खेळ आहे' असे म्हणून तो तुम्ही दुसऱ्यांच्या हाती देणार असाल, तर निदान एका खऱ्या यंत्रावर तो चाललेला तुम्ही स्वतः पाहिला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

एमजीबीएसारखे आजचे एम्युलेटर अतिशय काटेकोर आहेत. दोष शोधण्यासाठी तर ते यंत्रापेक्षा सरस आहेत, कारण त्यांत टाइल (चित्राचे छोटे चौकोन), पॅलेट (रंगांचा संच) आणि स्प्राइट उघडून पाहता येतात, डीबगर जोडता येतो, प्रोग्राममधून संदेश छापता येतात. यंत्राची बायॉस फाइल, म्हणजे यंत्र सुरू करणारा त्यातला अंगभूत प्रोग्राम, हीही लागत नाही, कारण एमजीबीएमध्ये तिच्यासाठी पर्याय आहे. म्हणून रोजचे काम एम्युलेटरवरच करावे. जुने एम्युलेटर मात्र चुका पोटात घालणारे होते आणि त्यांच्यावर विसंबून लिहिलेले कित्येक होमब्रू खेळ खऱ्या यंत्रावर कोलमडत असत.

कोलमडण्याची ठिकाणे ठरलेली आहेत. पार्श्वभूमीच्या व्हिडिओ रॅममध्ये एकच बाइट लिहायला गेलात तर यंत्र तोच बाइट शेजारच्या घरातही लिहिते. स्प्राइटांच्या तक्त्यात एकेका बाइटचे लेखन यंत्र सरळ दुर्लक्षित करते. खेळाची नोंद साठवणारी एसरॅम याच्या उलट वागते. तिचा मार्ग आठ बिटांचा असल्यामुळे तिथे एकेक बाइटच वाचावा-लिहावा लागतो, आणि नेहमीच्या मेमरी-कॉपी फंक्शनने नोंद साठवली की ती बिघडते. यंत्र सुरू होताना रॅममध्ये शून्ये असतील याचीही हमी नसते, त्यामुळे ज्या चलाला आरंभीचे मूल्य द्यायचे राहून गेले ते संगणकावर निमूटपणे शून्य मानले जाते आणि यंत्रावर काहीही निघते. एमजीबीए यातल्या बऱ्याच गोष्टी बरोबर दाखवते, पण तुमचा खेळ लोक कोणत्या एम्युलेटरवर आणि कोणत्या कार्ट्रिजवरून चालवतील हे तुमच्या हातात नसते.

वेगाचे गणितही यंत्रावरच तपासावे. पडद्याच्या एका फ्रेमसाठी प्रोसेसरला २,८०,८९६ चक्रे मिळतात, आणि चित्र उमटत नसताना, म्हणजे पडद्याच्या माहितीत बिनधोक फेरफार करता येतात अशा काळात, त्यांतली केवळ ८३,७७६. कार्ट्रिज वाचताना प्रोसेसरने किती थांबायचे हे एका रजिस्टरमध्ये ठरवता येते, आणि तिथे घाईची मूल्ये भरली तर काही कार्ट्रिजांना ती झेपत नाहीत. ही गोष्ट एम्युलेटर सांगू शकत नाही, कारण त्याच्याकडे कार्ट्रिजच नसते.

या सगळ्यापेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते हाताचे आणि डोळ्यांचे मोजमाप. २७ इंची मॉनिटरवर चौपट मोठे करून पाहिलेले चित्र यंत्राच्या २.९ इंची पडद्यावर वेगळेच दिसते. आठ पिक्सेलचा शत्रू गडद पार्श्वभूमीत हरवतो. कळफलकावर सहज जमणारी उडी खांद्याजवळच्या एल आणि आर बटनांवर बोटे ताणली की अवघड होते. हे बदल खेळाच्या मांडणीतच करावे लागतात आणि ते शेवटी करायला गेले की फार महाग पडतात. म्हणून पडद्यावर पहिला स्प्राइट हलू लागला की त्याच आठवड्यात तो यंत्रावर चढवून पाहा.

प्रश्न : गेम बॉय ॲडव्हान्सचे अनेक प्रकार दिसतात आणि बऱ्याच यंत्रांचे पडदे बदललेले असतात. विकासासाठी कोणता प्रकार घ्यावा आणि जुने यंत्र घेताना काय तपासावे? आमच्याकडच्या दमट हवेचा परिणाम होतो का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मूळ आडवे यंत्र, २००३ चे मिटणारे एसपी आणि २००५ चे चिमुकले मायक्रो असे तीन मुख्य प्रकार आहेत. शिवाय डीएस आणि डीएस लाइटमध्येही गेम बॉय ॲडव्हान्सच्या कार्ट्रिजसाठी खाच आहे.

मूळ यंत्राच्या पडद्यामागे दिवा नाही, त्यामुळे त्याचा मूळ पडदा उन्हात किंवा टेबललॅम्पखालीच नीट दिसतो. याच कारणाने त्या काळच्या अनेक खेळांचे रंग मुद्दाम फिके, उजळ ठेवलेले असत. एसपीचे दोन उपप्रकार आहेत. एजीएस-००१ मध्ये पडद्याच्या पुढच्या कडेने येणारा मंद प्रकाश आहे, एजीएस-१०१ मध्ये मागून येणारा चांगला प्रकाश आहे. मागच्या चिठ्ठीवर विसंबू नका, कारण कवच आणि चिठ्ठी दोन्ही बदललेली असू शकतात; पडद्याखालचे प्रकाशाचे बटन दाबून पाहा. दिवा पूर्ण विझत असेल तर ते ००१ आहे, कमी-जास्त उजेडात अदलाबदल होत असेल तर १०१. मायक्रोचा पडदा फक्त दोन इंची असल्याने ते शेवटच्या तपासणीला उपयोगी आहे, रोजच्या कामाला नाही.

माझी शिफारस दोन टोकांची आहे. एकच यंत्र घ्यायचे असेल तर एजीएस-१०१ घ्या, किंवा आयपीएस, म्हणजे नव्या धाटणीचा मागून उजेड असलेला पडदा बसवलेले मूळ यंत्र घ्या. पैसे कमी असतील तर चालू स्थितीतला डीएस लाइट घ्या; त्यात कार्ट्रिज थोडे बाहेर डोकावते, २४० बाय १६० चे चित्र काळ्या चौकटीत दिसते आणि दोन यंत्रे जोडणाऱ्या लिंक केबलचे छिद्र नाही, पण आतला खेळ अगदी खऱ्यासारखा चालतो. कारण तिथे एम्युलेटर नसून त्याच घराण्यातला प्रोसेसर ते काम करत असतो.

आयपीएस पडद्याविषयी एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. जुना एलसीडी पडदा संथ होता. एखादी वस्तू एक फ्रेम दाखवायची आणि एक फ्रेम लपवायची, म्हणजे ती अर्धपारदर्शक भासते, ही युक्ती त्या संथपणावर उभी होती. नव्या पडद्यावर तीच वस्तू ठळकपणे लुकलुकते. तुम्ही असे काही वापरणार असाल तर दोन्ही प्रकारच्या पडद्यांवर पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका. माझ्या मते ही युक्ती नव्या खेळात टाळावी आणि यंत्रात मुळातच असलेली रंगमिश्रणाची सोय वापरावी. दिवा असलेला पडदा बॅटरीही जास्त खातो, तेव्हा दोन पेन्सिल सेलवर मूळ यंत्राचे जे १५ तास सांगितले जात, ते पडदा बदललेल्या यंत्राकडून अपेक्षू नयेत.

दमट हवेचा परिणाम निश्चित होतो. सेलच्या कप्प्यातल्या पट्ट्यांवर हिरवट किंवा पांढरट थर आहे का, कार्ट्रिजच्या खाचेतल्या पिना काळवंडल्या आहेत का, हे आधी पाहा. पिनांवरचा हलका थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. सर्किटवर पसरलेला गंज मात्र यंत्र नाकारण्याचे पुरेसे कारण आहे. एसपीची बिजागरी आणि एल-आर बटने स्वतः दाबून तपासा. घरी यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा आणि वापर नसताना सेल काढून ठेवा. उघडण्यासाठी तीन पात्यांचा ट्रायविंग स्क्रूड्रायव्हर लागतो, तो यंत्रासोबतच मागवा.

प्रश्न : आपला प्रोग्राम यंत्रात पोहोचवायचा कसा? फ्लॅश कार्टच्या, म्हणजे आपला खेळ भरता येणाऱ्या कार्ट्रिजच्या, किमती पाहून संकोच वाटतो. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : संकोच स्वाभाविक आहे, कारण चांगले फ्लॅश कार्ट कधी कधी यंत्राइतक्याच किमतीला पडते. तरीही मी त्यावरचा खर्च पडद्याच्या सुधारणेआधी करीन. एव्हरड्राइव्ह किंवा ईझी-फ्लॅश ओमेगा यांसारख्या कार्टमध्ये मायक्रोएसडी कार्डावर आपली रॉम फाइल (कंपायलरने तयार केलेला पूर्ण खेळ) ठेवायची आणि ते यंत्रात घालायचे, एवढेच काम उरते. नोंद साठवण्याचे एसरॅम, ईईप्रॉम आणि फ्लॅश हे तिन्ही प्रकार तपासता येतात. फाइल चढवण्यापूर्वी तिच्या शीर्षभागातली पडताळणीची बेरीज (चेकसम) दुरुस्त करणारे साधन चालवायला विसरू नका. यंत्राची बायॉस सुरुवातीला तो भाग तपासते आणि चूक आढळली तर पुढे जात नाही.

कमी खर्चाचा मार्ग लिंक केबलचा आहे. कार्ट्रिज नसताना हे यंत्र केबलमधून २५६ किलोबाइटपर्यंतचा प्रोग्राम घेऊन तो बाह्य रॅममधून चालवू शकते. मूळ हेतू एकाच कार्ट्रिजवर अनेकांनी खेळण्याचा होता, पण विकासासाठी ही सोय फार मोलाची आहे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पिनांना केबल जोडून प्रोग्राम पाठवता येतो, कारण दोन्हीकडे ३.३ व्होल्टचे संकेत असतात. पाच व्होल्टचा आर्डुइनो बोर्ड मात्र व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटशिवाय जोडू नका, यंत्राचे नुकसान होईल. या मार्गाची मर्यादा अशी की प्रोग्राम आणि त्याची माहिती एकाच रॅममध्ये राहते व तिचा वेग कार्ट्रिजच्या वेगाशी जुळत नाही, त्यामुळे इथे मोजलेला वेग अंतिम मानता येत नाही. छोट्या प्रयोगांना केबल उत्तम आहे. खेळ २५६ किलोबाइटच्या पुढे गेला की कार्ट घ्यावेच लागते.

पुढे मित्रांना द्यायला काही प्रती हव्या असतील, तर पुन्हा लिहिता येणारी साधी कार्ट्रिजे आणि जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू हे यूएसबी उपकरण पुरेसे आहे. त्यांवर स्वतःचाच खेळ लिहावा. इतरांच्या खेळांच्या प्रती काढण्याने या छंदाची बदनामी झाली आहे आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांनाही तिचा त्रास होतो.

प्रश्न : प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी मराठी जोडाक्षरांचा खेळ करण्याची माझी इच्छा आहे. मुलगा लिहील, मी मजकूर देईन. एवढ्याशा पडद्यावर देवनागरी वाचनीय दिसेल का, आणि त्यासाठी कोणते यंत्र योग्य? – एक शिक्षिका, सातारा

उत्तर : ताई, या पत्राचा मला फार आनंद झाला, कारण होमब्रूमध्ये देवनागरी अक्षर क्वचितच दिसते आणि ते दिसायला हवे.

या जुन्या यंत्रांची पडद्याची मांडणी आठ बाय आठ पिक्सेलच्या टाइलांची आहे. रोमन अक्षर एका टाइलमध्ये मावते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांसाठी सुमारे ४ पिक्सेल, शिरोरेषेसह अक्षराच्या अंगासाठी ८ ते ९ आणि खाली उकार व जोडाक्षरांच्या शेपटांसाठी ३ ते ४ पिक्सेल लागतात. म्हणजे ओळीची उंची निदान १६ पिक्सेल धरावी लागते, आणि मुलांसाठी ओळींत थोडी मोकळी जागा सोडून २० धरली तर गेम बॉय ॲडव्हान्सच्या पडद्यावर आठ ओळी बसतात. रुंदी अक्षरागणिक बदलत असल्याने प्रत्येक ओळीत साधारण वीस-बावीस अक्षरे येतील. जोडाक्षरे ओळखण्याच्या खेळाला हे पुरेसे आहे.

अक्षरे जुळवण्याचे काम मात्र यंत्राकडे देऊ नये. 'र्या' आणि 'ऱ्या' यांतला फरक, 'ट्र'मधला खालचा रकार, 'र्कं'मधला रफार आणि अनुस्वार यांचा शेजार, हे सगळे नियम १६ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर चालवण्यात अर्थ नाही. चिरंजीवांना सांगा की मजकुराच्या ओळी संगणकावर, खेळ तयार होतानाच, चित्रांत रूपांतरित कराव्यात. २४० बाय १६ पिक्सेलची ओळ दोन रंगांत ४८० बाइट घेते, म्हणजे हजार ओळींना पाच लाख बाइटसुद्धा लागत नाहीत, आणि कार्ट्रिजमध्ये ३२ मेगाबाइटपर्यंत जागा असते. संपूर्ण पडदाभर वेगवेगळ्या टाइला लागल्या तरी त्या ६०० होतात आणि सोळा रंगांच्या स्वरूपात १९,२०० बाइट घेतात. पार्श्वभूमीसाठीच्या ६४ किलोबाइट व्हिडिओ रॅममध्ये त्या सहज बसतात. नेहमीचा फॉन्ट इतका लहान केला की त्याच्या बारीक रेषा तुटतात, म्हणून मुळाक्षरे आणि जोडाक्षरे हाताने पिक्सेल मांडून काढावीत. हे काम कष्टाचे आहे, पण तुमचा शिक्षिकेचा डोळा इथेच उपयोगी पडेल : अनुस्वार एका पिक्सेलचा न ठेवता दोन बाय दोनचा ठेवा, आणि 'ध' व 'घ', 'भ' व 'म' या जोड्या हातभर अंतरावरून वेगळ्या वाचता येतात का ते पाहा.

यंत्राविषयी म्हणाल तर एजीएस-१०१ किंवा आयपीएस पडद्याचे मूळ यंत्र घ्या. मायक्रो घेऊ नका. मूळ गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ आहे आणि त्याच्या व्हिडिओ रॅममध्ये एकूण ३८४ टाइला मावतात. तिथे तीन ओळींची चौकट जमेल, पानभर मजकूर जमवणे कठीण जाईल. वर्गातल्या प्रत्येक मुलाला यंत्र देणे अर्थातच शक्य नाही, पण तीच रॉम फाइल शाळेच्या संगणकावर एमजीबीएमध्ये चालेल.

प्रश्न : मी खेळांसाठी संगीत रचतो. गेम बॉय ॲडव्हान्सवरचा खरा आवाज ऐकण्यासाठी कोणते यंत्र घेऊ? – एक संगीतकार, मडगाव

उत्तर : मूळ आडवे यंत्र घ्या. त्याला ३.५ मिलिमीटरचे हेडफोनचे छिद्र आहे आणि त्यातून स्टिरिओ आवाज मिळतो. यंत्राचा स्वतःचा स्पीकर एकच आहे. एसपीला हे छिद्रच नाही, चार्जरच्या जागी जोडणारे वेगळे अडॅप्टर लागते. चार जुन्या पद्धतीच्या ध्वनिवाहिन्या आणि नमुनाबद्ध आवाजासाठी आठ बिटांच्या दोन वाहिन्या एवढीच सामग्री आहे, आणि हेडफोनवर मागची खरखर ऐकू येतेच. म्हणून हळुवार, लांब विरत जाणारे स्वर संगणकावर जितके सुंदर वाटतात तितके इथे टिकत नाहीत. रचना पक्की करण्याआधी ती स्पीकर आणि हेडफोन दोन्हींवर ऐका.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची आहे. चित्रे छान काढते, प्रोग्रामिंग येत नाही. तिला खेळ बनवायचा आहे. – एक पालक, नाशिक

उत्तर : तिच्यासाठी जीबी स्टुडिओ हे मोफत साधन घ्या. त्यात चित्रे आणि घटनांचे ठोकळे मांडून मूळ गेम बॉयसाठीचा खेळ तयार होतो, कोड लिहावे लागत नाही. मूळ गेम बॉयच्या चार छटांची मर्यादा चित्र काढणाऱ्या मुलीला आवडेल, असे मला वाटते. आरंभी कोणतेही यंत्र घेऊ नका. तिचा एक छोटा खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण झाला की गेम बॉय कलर किंवा एसपी आणि गेम बॉयसाठीचे फ्लॅश कार्ट घ्या. एसपी दोन्ही पिढ्यांची कार्ट्रिजे चालवतो; मायक्रो आणि डीएस गेम बॉयची जुनी कार्ट्रिजे चालवत नाहीत. गेम बॉय ॲडव्हान्सचे फ्लॅश कार्ट या कामासाठी घेऊ नका, ते वेगळ्या यंत्रासाठी आहे.

प्रश्न : मी योकोहामात राहतो. इथे जुनी यंत्रे चांगल्या स्थितीत मिळतात. पुण्यातल्या भाच्यासाठी नेली तर चालतील का? – एक वाचक, जपान

उत्तर : चालतील. गेम बॉय ॲडव्हान्सला प्रदेशाचे कुलूप नाही, त्यामुळे होमब्रूला काहीच अडचण येत नाही. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. एजीएस-१०१ जपानमध्ये विकला गेला नव्हता, तेव्हा तिथल्या दुकानातला एसपी एजीएस-००१ असेल किंवा त्याचा पडदा बदललेला असेल. आणि जपानी एसपीचा चार्जर १०० व्होल्टसाठी असतो, तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावू नये. यूएसबीवरून एसपी चार्ज करणारी केबल सोबत द्या. पीएसपी नेणार असाल तर भाच्याला सांगून ठेवा की जपानी यंत्रात होकारासाठी वर्तुळाचे बटन असते, फुलीचे नाही, आणि त्याच्या खेळाने दोन्ही रीती सांभाळल्या पाहिजेत.

प्रश्न : कपाटात पीएसपी-१००० पडून आहे. ते विकून गेम बॉय ॲडव्हान्स घेऊ की त्यावरच लिहायला सुरुवात करू? – एक वाचक, नागपूर

उत्तर : यंत्र चालू असेल तर त्यावरच सुरुवात करा. हाताशी असलेले यंत्र हे पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातल्या माझ्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा वरचढ कारण आहे. सर्वप्रथम बॅटरी काढून पाहा. या यंत्रांच्या जुन्या बॅटऱ्या फुगतात. थोडीही फुगलेली असेल तर ती पुन्हा बसवू नका, ई-कचऱ्यात द्या. बॅटरीशिवाय चार्जरवर यंत्र चालते, तेव्हा तपासणी थांबत नाही. मेमरी स्टिक महाग वाटली तर मायक्रोएसडी बसवण्याचे अडॅप्टर मिळते. होमब्रूसाठी यंत्रावर यंत्रप्रणालीची ६.६१ ही शेवटची अधिकृत आवृत्ती आणि तिच्यावर चालणारे कस्टम फर्मवेअर, म्हणजे परवान्याबाहेरचे प्रोग्राम चालू देणारी बदललेली प्रणाली, लागेल. पीएसपीलिंक हे साधन जरूर बसवा. त्यामुळे मिनी-यूएसबी केबलने जोडलेल्या संगणकावरून प्रोग्राम थेट यंत्रात चालवता येतो आणि कार्ड काढून-घालून वेळ जात नाही. पीएसपी-१००० मध्ये ३२ मेगाबाइट रॅम आहे आणि त्यातली २४ मेगाबाइट तुमच्या प्रोग्रामला मिळते, नंतरच्या प्रकारांत एकूण ६४ आहे. तुमच्याकडचा प्रकार सर्वांत कमी रॅमचा असणे विकासासाठी सोयीचेच आहे, कारण तिथे मावलेला खेळ पुढच्या प्रत्येक पीएसपीवर मावेल.